तरवड की तरोटा?

प्रश्न: लातूरकडं माळावर पिवळ्या फुलांचं झुडूप असतं, त्याला आम्ही तरवड म्हणतो. बायकोचं माहेर यवतमाळचं, तिचं म्हणणं हा तरोटा. शब्द एकच आहे का?

– नाही, झाडंच वेगळी. तरोटा म्हणजे कोकणातला टाकळा. पावसाळ्यात पडीक रानात उगवतो, कोवळा असताना त्याची भाजी करतात, पुढं वाळून जातो. तरवड बारमाही, कमरेच्या वर जाणारा. मुरमाड, रेताड, पाणी न ठरणाऱ्या बरड जमिनीतही तग धरतो. शेळ्यासुद्धा सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळं चराईनं उजाड झालेल्या माळावर हाच उरतो.

दोघंही ‘सेना’ या वंशातले, दोघांचीही फुलं पिवळी. फुलावरून ओळखायला गेलात तर फसाल. पान मोजा. तरोट्याला पर्णिकांच्या (एका देठावरच्या छोट्या पानांच्या) बहुधा तीनच जोड्या, तरवडाला आठ ते बारा. शिवाय तरवडाच्या पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी हिरवी उपपर्णं असतात. शास्त्रीय नावातलं ‘ऑरिक्युलाटा’ त्या कानावरूनच आलं. शेंगाही बघा: तरवडाची चपटी, कागदासारखी पातळ, तरोट्याची बारीक, लांब, वाकडी.

– आमच्या बीडकडं नवरात्रात घटाला तरवडाच्या फुलांची माळ घालतात. तरोट्याची घातलेली बघितली नाही बुवा.

– त्या दिवसांत माळावर तरवड फुललेला असतो, हाताशी येतो. शेजारी तेलंगणात त्याच सुमाराला बतुकम्मा, म्हणजे देवीसाठी फुलांची रास, रचतात, त्यातही हेच फूल. तेलुगूत तंगेडू, तेलंगणाचं राज्यफूल. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू बोलणाऱ्या घरांत हाच शब्द ऐकू येईल. कन्नडमध्येही तंगडी, म्हणजे मराठी ‘तरवड’ या दोघांपासून अगदीच वेगळा पडला.

– संस्कृतात काय?

– आवर्तकी. पण मला चर्मरंगा हे दुसरं नाव जास्त आवडतं, कारण त्यात झाडाचा धंदा आहे. तरवडाच्या सालीत टॅनिन भरपूर, कातडी कमावायला ती पूर्वापार वापरली जाते. (‘कमावणे’ हे क्रियापद पैशाआधी कातड्याला लागलं की नंतर, तो वेगळा धागा होईल.)

– तो तरवड की ते तरवड?

– आमच्याकडं तो. अनेकवचनही तरवडच: ‘माळावर तरवड फुललेत.’ तरोट्याचं मात्र तरोटे होतं, पण भाजीपुरता बोलताना कोण अनेकवचन करतो!