डब्यावर ४०० लिहिलंय, मग २५० ला कशाला?

कोरी_फ्रेम:
इलफर्डच्या एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मच्या डब्यावर वेग (आयएसओ, म्हणजे प्रकाशाला किती संवेदनशील) ४०० लिहिलाय. माझ्या हाती तो खरंच तेवढा मिळतो का आणि डेव्हलप किती वेळ करायचं, हे बघायला तीन रोल नुसत्या भिंतीवर घालवले. घरच्यांनी विचारलंच, "भिंतीचं लग्न आहे का?" पण कृष्णधवल मनापासून करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करावंच, असं माझं मत झालंय.

सोसायटीची मागची राखाडी भिंत, सावलीतली. फोकस अनंतावर, म्हणजे प्लास्टरचा खडबडीतपणा दिसत नाही. मीटर सांगेल त्यापेक्षा चार स्टॉप कमी (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), म्हणजे जेमतेम उमटेल अशी गडद सावली, आणि ४०० पासून १६० पर्यंत आयएसओ बदलत एकेक फ्रेम; आकडा लहान तितका प्रकाश जास्त. शिवाय लेन्सचं झाकण लावून एक कोरी. रोल तक्त्याप्रमाणे १३ मिनिटं धुतला. मग कोऱ्या फ्रेममधून कागद पूर्ण काळा व्हायला लागणारा कमीत कमी वेळ काढला आणि तेवढ्याच वेळात बाकीच्यांचे प्रिंट. ४०० आणि ३२० कोरीइतक्याच काळ्या. २५० ला पहिल्यांदा काळ्यातून करडा सुटला. म्हणजे माझा खरा वेग २५०.

पुढचे दोन रोल भिंतीला तीन स्टॉप जास्त देऊन, म्हणजे तिला दृश्यातला उजळ भाग मानून काढले आणि तुकडे करून वेगवेगळा वेळ डेव्हलप केले. डेव्हलपर आयडी-११, एकास एक पाणी घालून, २० अंश. १३ मिनिटांत भिंत कोऱ्या कागदासारखी पांढरीफटक. साडेदहाला हवा तो फिकट करडा आला.

म्हणजे इतकी वर्षं मी सावल्यांना उपाशी ठेवत होतो आणि उजेडाला करपवत होतो.

रस्त्यावरचा:
तीन रोल! एक रोल हजाराच्या घरात गेलाय राव. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास झोन सिस्टिम (सावली-उजेड मोजून एक्सपोजर आणि डेव्हलपचा वेळ ठरवायची पद्धत) बसवली, तुमची भिंत त्यातलीच. ती खरी शोभते शीट फिल्मला. एक चित्र, एक शीट, तिचा वेगळा वेळ. माझ्या ३६ फ्रेममध्ये मंडईतली दुपारही असते आणि संध्याकाळची बोळही. टाकी एकच. तुमचं 'साडेदहा' त्यातल्या कुठल्या फ्रेमला लावू? कॉन्ट्रास्ट मी प्रिंट काढताना एन्लार्जरवर फिल्टरने सांभाळतो.

कोरी_फ्रेम:
वेळेचं सोडा. सावलीत जे निगेटिव्हवर उमटलंच नाही, ते कुठला फिल्टर आणणार?

तांबडा_दिवा:
डब्यावरचा आकडा वेदवाक्य नाही, हे मान्य. १९६० मध्ये अमेरिकन मानकातून प्रकाश कमी पडू नये म्हणून धरलेली जादा मर्यादा काढून टाकली आणि फिल्म तीच असताना तिचा आकडा जवळपास दुप्पट झाला. पण तुमचा २५० हाही फिल्मचा आकडा नव्हे. त्यात तुमचं शटर, तुमचा मीटर, तुमचा थर्मामीटर सगळं मिसळलंय. कॅमेरा बदला, आकडा हलेल. शिवाय एकरंगी भिंतीत फ्लेअर जवळजवळ नसतो. खऱ्या दृश्यात आभाळाचा उजेड लेन्समध्ये पसरतो आणि सावलीला थोडा हात देतो.

मला जास्त खटकतंय ते साडेदहा. डेव्हलपर ओतताना २० होता. बाहेर काढताना किती होता? इलफर्डच्याच हिशेबाने २० अंशाला ४ मिनिटं असतील तर २३ ला ३ पुरतात.

कोरी_फ्रेम:
शेवटी मोजलं नव्हतं.

कोरी_फ्रेम:
आत्ता करून पाहिलं. स्टीलच्या टाकीत २० अंशाचं नुसतं पाणी, दर मिनिटाला चारदा उलटसुलट, नेहमीसारखं. साडेदहा मिनिटांनी २३. स्वयंपाकघरात ३४ आहे.

तांबडा_दिवा:
सरासरी साडेएकवीस धरा. १३ चे सव्वाअकरा होतात. तुमच्या अडीच मिनिटांपैकी पावणेदोन तर उन्हाळ्याचीच निघाली. जानेवारीत साडेदहा धुतलंत तर सगळे रोल मिळमिळीत येतील.

रस्त्यावरचा:
म्हणजे तीन रोल खर्चून खोलीचं तापमान मोजलं. 😄

कोरी_फ्रेम:
हसा. पण भिंत नसती तर तेही कळलं नसतं. आणि पहिला रोल आठवा. तोही त्याच तापणाऱ्या टाकीत, पुरती १३ मिनिटं. इतका जास्त शिजूनही ४०० कोरीच राहिली. साडेदहा मागे घेतो, २५० वरून हलत नाही.

रस्त्यावरचा:
राहा. बोळात मला ४०० ला १/३० मिळतो. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात मधला शटरवेग नाही, त्यामुळे २५० धरलं की थेट १/१५. पानवाल्याचा हात हलतो, चेहरा पुसतो. त्याच्या टपरीखालची सावली काळी आली तर येऊ दे, तिथे बघायचंय काय?

कोरी_फ्रेम:
बोळात तुमचं खरं. माझी बहुतेक चित्रं तिकाटण्यावरची, देवळांच्या सभामंडपातली. तिथे खांबामागचा अंधारच तर हवा असतो.

तांबडा_दिवा:
पुढच्या खेपेला टाकी पाण्याच्या बादलीत ठेवा. दर उलटापालटीनंतर परत बादलीत. बर्फ घालाल तर पिशवीत बांधून, तोही बादलीतच. एकाने थेट डेव्हलपरमध्ये टाकला होता, पातळ झाला म्हणून मग वेळ वाढवत बसला.