ग्राहकाने कॅशिअरला मारलं, तर त्याच दिवशी काय करायचं?

प्रश्न: कपड्यांच्या दुकानात माल बदलून दिला नाही म्हणून ग्राहकाने आकड्याची लोखंडी काठी मारली, कॅशिअरच्या कपाळाला खोक पडली. कामगार कंत्राटी आहे. आधी काय करावं?

उत्तर १: आधी सरकारी दवाखाना. डॉक्टरांना ‘मारहाण’ असंच सांगून एमएलसी (पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करून घ्या. दुकानाचं नाव खराब होऊ नये म्हणून ‘पडलो’ सांगायला लावतात. अजिबात ऐकू नका, केस तिथेच लंगडी पडते.

उत्तर २: साधी दुखापत म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), त्यावर फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते. घातक हत्यार असेल तर ११८(१), ते दखलपात्र, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवून तपास करू शकतात. म्हणून तक्रारीत काठीची लांबी, टोकाचा आकडा, सगळं लिहा. काठी पुसू नका. डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र) भरला की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, त्यामुळे कॉपी आजच काढा. सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र लागेल.

उत्तर ३: दुकान ईएसआयखाली (कर्मचारी राज्य विमा) येत असेल, तर कंत्राटी असला तरी महिना पगार २१,००० पर्यंत असलेल्याला तो लागू. अपघात नोंदवहीत ‘कामावर इजा’ लिहून घ्याच. त्यावर कामावर जाता येत नाही त्या काळात सरासरी मजुरीच्या ९० टक्के मिळतात, साध्या आजारपणाला ७० टक्केच.