डीएनएचं मॉडेल फिरवून दाखवताना बंध जास्त दिसतात, त्यात रेंजही नाही

प्रश्न (खानापूर तालुका, मराठी माध्यम)
एसएसएलसीच्या (दहावीच्या) वर्गाला आनुवंशिकता शिकवताना आरसीएसबीच्या (रेणूंच्या रचना साठवणाऱ्या) साइटवरचं १बीएनए हे डीएनएच्या तुकड्याचं मॉडेल प्रोजेक्टरवर दाखवायचं आहे. ॲडेनीन-थायमीनमध्ये दोन, ग्वानीन-सायटोसीनमध्ये तीन हायड्रोजन बंध मोजायला गेलं की ठिपक्यांच्या पाच-सहा रेषा दिसतात. शिवाय जांबोटीकडं रेंज येते-जाते. काय करावं?

उत्तर १
सर, रेषा खऱ्याच आहेत, पण सगळ्या त्या जोडीतल्या नाहीत. एका बेसवर (ॲडेनीन, थायमीन वगैरे) क्लिक केलं की मोलस्टार, म्हणजे साइटवरचा मॉडेल दाखवणारा प्रोग्रॅम, त्याचा सगळा शेजार उघडतो: वरखालचे बेस आणि पाण्याचे रेणूही. रेषेवर माऊस धरा, कुठून कुठं जाते ते खाली उजव्या कोपऱ्यात येतं. पाण्याकडं जाणारी रेष मोजायची नाही.

जोडी ओळखायची सोपी खूण सांगतो. पहिल्या साखळीत क्रमांक १ ते १२, दुसरीत १३ ते २४, आणि समोरासमोरच्या दोघांची बेरीज कायम २५. ॲडेनीन ५ समोर थायमीन २०, ग्वानीन ४ समोर सायटोसीन २१. या दोनच जोड्या दाखवा, अख्खा रेणू गरगर फिरवला की मुलांच्या हाती काही लागत नाही.

"हायड्रोजन कुठाय?" हे मुलं विचारणारच, आणि प्रश्न रास्त आहे. ही रचना क्ष-किरणांनी काढलेली, विभेदन, म्हणजे तपशील किती बारीक दिसतो ते, १.९ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग). एकच इलेक्ट्रॉन असलेला हायड्रोजन त्यात उमटत नाही, म्हणून रेष थेट नायट्रोजनपासून ऑक्सिजनपर्यंत किंवा दुसऱ्या नायट्रोजनपर्यंत ओढलेली असते. फळ्यावर मध्ये 'H' काढून दाखवा.

उत्तर २
रेंजचं: मॉडेल एकदा पूर्ण उघडलं की फिरवायला, क्लिक करायला नेट लागत नाही. रेंज असेल तिथं लॅपटॉपवर उघडा, टॅब बंद करू नका, रिफ्रेश तर अजिबात नको. क्रोममधलं मेमरी सेव्हर आधी बंद करा, नाहीतर तो टॅब झोपवतो आणि परत गेलं की पान नव्यानं मागतो. लाइट गेली तर म्हणून दोन्ही जोड्यांचे स्क्रीनशॉट मोबाईलवर ठेवा.

रंगांचं पहिल्याच मिनिटाला सांगा: ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा ही नुसती ठरवलेली खूण, अणूला रंग नसतो. आणि हा तुकडा फक्त १२ जोड्यांचा, जेमतेम एका वळशाचा. डीएनए तिथंच संपतो असं मुलं धरून चालतात.

प्रश्नकर्ता
बेरजेची खूण उपयोगी. लॅबच्या जुन्या कॉम्प्युटरवर मात्र मॉडेलची चौकट काळीच राहते.

उत्तर २
क्रोमच्या सेटिंगमध्ये सिस्टीम उघडा, ग्राफिक्स ॲक्सिलरेशन चालू करा आणि ब्राउझर पुन्हा सुरू करा. तरी काळीच राहिली तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र उमटवणारं सॉफ्टवेअर) जुना असू शकतो, तो बदलून पाहा.