टेकडी जपायची, की लोकांना खुली करायची?

रानवाट:
वस्तीलगतची टेकडी, माळ, तळं, ओढ्याकाठची झाडी सांभाळायला आपल्यापैकी बरेच जण सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून जातात. तिथे एक सल्ला हमखास मिळतो: 'फार गाजावाजा करू नका, गर्दी येईल आणि जागेची वाट लागेल.' मला हे अजिबात पटत नाही. जिथे कुणाचं जाणं-येणं नाही, त्या जागेसाठी भांडायलाही कुणी उभं राहत नाही. आधी राडारोडा पडतो, मग एका रात्रीत कुंपण येतं, आणि विचारायला जावं तोवर पाया खणून झालेला असतो. म्हणून माझ्या मते स्वयंसेवकांनी सर्वांत आधी एक चांगली पायवाट करावी. झाडंबिडं नंतर.

अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल बघा. बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये कल्पना मांडली, १९३७ मध्ये वाट पूर्ण झाली. साधारण साडेतीन हजार किलोमीटरची ही वाट आजही मुख्यतः ठिकठिकाणच्या क्लबांचे स्वयंसेवक सांभाळतात. दरवर्षी लाखो लोक तिच्यावरून चालतात, आणि त्यांच्यातूनच नवे स्वयंसेवक मिळतात.

टिटवी:
साफ असहमत. तुम्हाला माळ रिकामा दिसतो, कारण तिथे राहणारे तुम्हाला दिसू नयेत अशाच रंगाचे असतात. टिटवीचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीतला उथळ खळगा, फार तर कडेला चार खडे. अंडी हुबेहूब मातीच्या ढेकळांसारखी. ऐन उन्हात ती अंड्यांवर बसते ती सावली धरायला, पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते ती अंडी थंड ठेवायला. तुमचा निसर्गप्रेमी दहा पावलांवर उभा राहून अर्धा तास फोटो काढतो. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालतोय, याला वाटतं काय मस्त शॉट मिळाला! तेवढ्यात उघडी अंडी भाजून निघतात. चंडोलाची गोष्ट वेगळी नाही, तोही जमिनीवरच घरटं करतो. आणि वाट केली की माणसामागून कुत्रं येतंच, बहुतेक वेळा मोकळं सोडलेलं.

खवट:
टिटवी यांना +१. शिवाय वर लोकेशन टाकून 'स्वर्ग सापडला' लिहिणारे.

रानवाट:
@टिटवी, वाट नसते तिथे लोक येत नाहीत असं थोडंच आहे? एक वाट नसली की दहा होतात. उतारावर नागमोडी वळणं टाळून सरळ खाली उतरणारे पाहिलेत ना? त्या शॉर्टकटवरचं गवत आधी जातं, पावसाचं पाणी तोच रस्ता धरतं, आणि बघता बघता गुडघाभर घळ पडते. मग लोक घळीच्या बाजूने चालतात, वाट रुंदावत जाते. उपाय साधा आहे. वाटेवर तिरकी दगडांची ओळ पुरायची, म्हणजे पाणी वाटेबरोबर न धावता कडेला गवतात उतरतं. शॉर्टकटच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकायच्या. चालणं सुखाचं झालं की बहुतेक माणसं वाट सोडत नाहीत, बाकीचा माळ तुमच्या टिटवीला मोकळा.

हिशेबी:
माझा आक्षेप वेगळाच. ज्यांच्या पगारात हे काम बसतं त्यांनी ते का करू नये? आपण घाम गाळायचा, पाहुणे येऊन झाडासोबत फोटो काढणार, आणि पुढच्या अंदाजपत्रकात 'नागरिक करतातच की' म्हणून तरतूद गायब. फुकट मजुरीने जबाबदार माणूस आयताच सुटतो.

रानवाट:
@हिशेबी, धोका खरा आहे. पण कचरा उचलून घरी जाणारे स्वयंसेवक आणि कागद वाचणारे स्वयंसेवक यांत फरक करा. ब्रिटनमध्ये ऑक्टेव्हिया हिल आणि सहकाऱ्यांनी १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट ही संस्था काढली ती जमीन सर्वांसाठी ताब्यात ठेवायलाच. १९०७ च्या कायद्याने तर ट्रस्टला स्वतःची जमीन 'कधीच विकता येणार नाही' अशी जाहीर करायचा अधिकार मिळाला. महिन्यातला एक रविवार नकाशे बघायला आणि हरकती नोंदवायला द्या. त्या दिवशी फोटो काढायला कुणी येत नाही, हेही बरंच.

खुरपं:
तिघांचंही वाचलं. लोक यावेत की नाही यावर एवढी चर्चा, पण आलेले स्वयंसेवक तिथे नेमकं काय करतात हे कुणी विचारेना. उत्साही मंडळींचं लाडकं काम म्हणजे खड्डा खणून रोप लावणं. मोकळं गवत दिसलं की यांचे हात शिवशिवतात. अहो, गवताळ माळ हे जंगल व्हायचं राहून गेलेलं रान नव्हे, ते स्वतःच एक भरलेलं घर आहे. तिथे झाडांची दाटी केली की सावलीत गवत मरतं आणि माळावरचे पक्षी निघून जातात.

दुसरं, घाणेरी, म्हणजे लँटाना, हे बाहेरून आलेलं आणि झपाट्याने पसरणारं झुडूप. सगळे कोयता घेऊन वरून छाटतात. दुप्पट फुटवे! दिल्लीच्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटाने रुळवलेली पद्धत अशी: खोडाखाली जमिनीत तीन-चार बोटं खोल मुख्य मूळ तोडायचं, म्हणजे फुटवे येणारा भागच निघतो, आणि उपटलेलं झुडूप उलटं करून ठेवायचं. तरी काम संपत नाही. बुलबुल फळं खाऊन आसपासच्या झाडांवर बसतात, त्या झाडांखाली नवी रोपं उगवतात, ती पुढेही वर्षानुवर्षं उपटावी लागतात.

सिडनीत जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६० च्या दशकात याहून उलटा वाटणारा नियम घालून दिला: सुरुवात चांगल्या राखलेल्या भागापासून करा, तिथली थोडीशी तणं काढा, माती कमीत कमी उकरा, आणि देशी रोपं जेवढ्या वेगाने परत येतील तेवढ्याच वेगाने पुढे सरका. हे नव्या लोकांच्या गळी उतरवणं महाकठीण. त्यांना सर्वांत वाईट कोपरा दुपारपर्यंत लख्ख करायचा असतो. मग उघड्या मातीत तेच तण पुन्हा, जास्त जोमाने.

हिशेबी:
@खुरपं, म्हणजे वीस जणांपेक्षा दर आठवड्याला न चुकता येणारे तिघे बरे?

खुरपं:
तणासाठी हो. पायवाटेचे दगड वाहायला वीस आणा, नाही म्हणणार नाही.

टिटवी:
तिरक्या दगडांचं पटलं. पण अंड्यांच्या काळात माळावरची वाट बंद म्हणजे बंद. पाटी लावाल, लोक पाटीला टेकून सेल्फी काढतील.

रानवाट:
तो काळ बंद ठेवायला माझी हरकत नाही. तारखा आधी जाहीर करा, वाटेच्या तोंडाशी माणूस उभा करा, आणि तेवढे दिवस झाडीकडची दुसरी वाट खुली ठेवा. नुसतं 'येऊ नका' म्हणाल तर लोक कुंपणाखालून येतील.

टिटवी:
मग ती दुसरी वाट आधी करून दाखवा. तोवर माझं मत 'विरोधात' असंच धरा.