शिझोकायट्रियम या सागरी सूक्ष्मजीवातलं डीएचए (ओमेगा-३ मेदाम्ल) तेल : मधली साय फुटत नाही

प्रश्न : पेशी अल्कलेज या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने फोडल्या (पीएच ८, ५५ अंश, ४ तास). सेंट्रिफ्यूज केल्यावर तेल-पाण्यामध्ये जाड पांढरी साय राहते, बरंच तेल तिच्यातच अडकतं. हेक्झेन (तेल विरघळवणारं द्रावक) वापरायचं नाही. काय करावं?

उत्तर १ : ते इमल्शन आहे, म्हणजे तेल-पाण्याचं न सुटणारं मिश्रण; सुटलेली प्रथिनं तेलाच्या थेंबांना चिकटून बसतात. ढवळणी मंद करा, हवा आत ओढली जाऊ नये. मग ५ टक्के मीठ घालून ७५ ते ८० अंशांवर तासभर ठेवा आणि गरम असतानाच सेंट्रिफ्यूज करा.

उत्तर २ : त्याआधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघाच. पेशी अख्ख्या, गोल दिसल्या तर मीठ काय करणार? एन्झाइमला वेळ वाढवून द्या. गरम करताना वर नायट्रोजन हवाच. डीएचएत ६ दुहेरी बंध. हवा लागली की माशाचा वास आलाच.

प्रश्नकर्ता : टाकी ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची आहे.

उत्तर १ : मग मीठ नको, त्यातल्या क्लोराइडने स्टीलला खड्डे पडतील. सोडियम सल्फेट घ्या.