तोरण तुटलं तवा भाऊ लेन्स बदलवत होते

वऱ्हाडी_मिरची: काल पोळा होता. आमच्या गावचे (आर्वीकडचं आहे) एक भाऊ दोन कॅमेरे गळ्यात घालून तोरणापाशी उभे. एक डिजिटल, एक जुना रोलवाला पेंटॅक्स के-१०००. भावानं ८५ एमएमची १.८ लेन्स काढली, १.४ वाली लावून रायले (आकडा लहान, तेवढा उजेड जास्त). तेवढ्यात झडत्या (पोळ्याची गाणी) सरल्या, तोरण तुटलं, बैल घराकडं. फोटोत शेपटी आली. मांगचा पळस मात्र काय मस्त धूसर झाला! पुतण्यानं फुटक्या मोबाईलवर बाशिंगासकट अख्खी जोडी काढली. या दोन लेन्सांत फरक दोन तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हंजे दुप्पट उजेड), अन् त्यापायी मागच्या साली सोयाबीनचा चुकारा गेला. यायले फोटो नाही, डबे जमवाचे असतात.

रोल_छत्तीस: ते भाऊ म्हणजे मीच. अमावस्येची ढगाळ सांज होती बापू. १.८ वर शटर १/१२५ सेकंद भेटते, १.४ वर १/२००. पयनाऱ्या बैलाले तेवढं लागते. अन् रोलची गंमत तुम्हाले काय समजन? ३६ फोटो, बोट दाबाच्या आधी माणूस इचार करते. रोल धुवाले न्हाणीत लाल बल्ब बी लावला मी.

हायपो_काका: थांब बाबू. मी गावोगावी लग्नं काढली आहेत, रोलचं कौतुक मला नको सांगू. रोल संपत आला की आम्ही पंगतीत नुसता फ्लॅश मारायचो. विहीणबाई पदर सावरून, हातातला घास तसाच धरून थांबायच्या. अल्बममध्ये अजून स्वतःला शोधत असतील. अन् लाल बल्ब कागदावर प्रिंट काढायला. रोल कोणता?

रोल_छत्तीस: ट्राय-एक्स ४००.

हायपो_काका: तो पॅनक्रोमॅटिक, त्याला लाल उजेडही दिसतो. रोल धुवायच्या टाकीत जाईपर्यंत पूर्ण अंधार लागतो रे!

रोल_छत्तीस: म्हणून पुरा काळाकुट्ट निंघाला का? मी दुकानवाल्याले फोनवर काय काय बोललो.

वऱ्हाडी_मिरची: ३६ वेळा इचार केला, अन् एक डाव काकाले नाही इचारलं. बरं, वहिनी काय म्हणते न्हाणीतल्या बल्बाले?

रोल_छत्तीस: ती अंधारात आंघोळ करते. तो इषय नको.

हायपो_काका: भाऊचं एक खरं आहे, ढगाळ सांजेला १.४ लागतेच. पण ती घरून लावून यायची असते. जाऊ दे, आज तान्हा पोळा आहे. लाकडी बैल पळत नाहीत, आरामात बदल लेन्स.

रोल_छत्तीस: लाकडी बैलाले मॅक्रो (अगदी जवळून काढाची लेन्स) पायजे. आर्वीत कोणाजवळ आहे का, सांजच्यापुरती?