शस्त्रखर्चाचा भार: सगळ्या मित्रदेशांना सारखा टक्का म्हणजे सारखा बोजा का?

कोपनहेगनकर
नमस्कार मंडळी. मी इथल्या एका वृद्धाश्रमात नऊ वर्षं काम करते. ईस्टरनंतरच्या चौथ्या शुक्रवारी डेन्मार्कमध्ये महाप्रार्थनेची सुट्टी असायची, थेट 1686 पासूनची. फेब्रुवारी 2023 मध्ये संसदेने ती रद्द केली. एक दिवस जास्त काम झालं की कर जास्त जमेल आणि संरक्षणखर्च जीडीपीच्या 2 टक्क्यांवर 2033 ऐवजी 2030 लाच नेता येईल, असा हिशोब. भरपाई वार्षिक पगाराच्या 0.45 टक्के. आम्ही पाळीवाले. त्या दिवशी कामावर असलं तर सुट्टीचा जादा भत्ता मिळायचा, तो गेला.

आदल्या संध्याकाळी शेजारच्या आजी आजही वेलचीचे गरम पाव घेऊन येतात. मधून चिरायचे, भाजायचे, वर लोणी. वास थेट आमच्या देवघरातल्या प्रसादाचा. पण आता मला लवकर झोपावं लागतं, सकाळी सातला हजर व्हायचं असतं.

युक्रेनच्या पाठीशी उभं राहायलाच हवं, त्यात मला शंका नाही. प्रश्न एवढाच की नाटो या लष्करी संघटनेतले 32 देश हा भार वाटून घेतात तरी कसा?

निवृत्त मास्तर, पुणे
ताई, नाटोचा सामायिक निधी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सूत्राने वाटला जातो, पण तो एकूण खर्चात अगदी छोटा. खरा पैसा प्रत्येक देश आपापल्या तिजोरीतून घालतो. जून 2025 मध्ये हेगच्या नाटो परिषदेत ठरलं, 2035 पर्यंत जीडीपीच्या 5 टक्के: साडेतीन थेट संरक्षणावर, दीड रस्ते-पूल, सायबर सुरक्षा अशा पूरक गोष्टींवर. स्पेनने तेव्हाच सांगितलं, आम्हाला 2.1 पुरे.

हा वाद जुना आहे, मी तो वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. कोरियन युद्ध पेटल्यावर ब्रिटनने जानेवारी 1951 मध्ये तीन वर्षांसाठी 4,700 दशलक्ष पौंडांचा शस्त्रकार्यक्रम जाहीर केला. एप्रिलच्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री गेट्सकेल यांनी तोवर मोफत असलेल्या कवळ्या आणि चष्म्यांचा निम्मा खर्च रुग्णांवर टाकला. अॅन्युरिन बेव्हन आणि हॅरॉल्ड विल्सन हे मंत्री राजीनामा देऊन बाहेर पडले. बेव्हन सांगत होते, कच्चा माल आणि यंत्रं नाहीत, एवढा पैसा खर्च होणारच नाही. पुढे चर्चिल सरकारलाच तो कार्यक्रम लांबवावा लागला.

1951 मध्येच नाटोने अमेरिकेचे हॅरिमन, फ्रान्सचे मोने आणि ब्रिटनचे प्लाउडेन या तिघांच्या देखरेखीखाली प्रत्येक देशाची ऐपत तपासायला घेतली. कोणाला किती झेपेल, हे देशागणिक बघायचं. मला ती पद्धत आजच्या सरसकट टक्क्यापेक्षा शहाणपणाची वाटते. अर्थात फेब्रुवारी 1952 मध्ये लिस्बनच्या नाटो बैठकीत ठरलेलं 96 डिव्हिजनचं (सैन्याच्या मोठ्या तुकड्यांचं) लक्ष्य तरीही गाठता आलं नाही, हेही खरं.

तालिनवाला
मास्तर, सरसकट टक्का वाईट म्हणू नका. रशियाची हद्द इथून, एस्टोनियाच्या राजधानीतून, गाडीने तीन तासांवर आहे. चौदा लाखांच्या आतला देश. 'ज्याची जेवढी ऐपत' म्हटलं की मोठे देश हात आखडता घेतील आणि आम्ही उघडे पडू. टक्का ठरला की निदान जाब विचारता येतो.

मात्र देशाच्या आत तो पैसा कोणाकडून घेतात, यावर माझंही भांडण आहे. एस्टोनियाने व्हॅट, म्हणजे खरेदीवरचा कर, जानेवारी 2024 मध्ये 20 टक्क्यांचा 22 केला, जुलै 2025 मध्ये 24. खाण्याच्या वस्तूंना सूट नाही. पिठाच्या पिशवीवर 24 आणि महागड्या घड्याळावरही 24. माझा पगार बरा आहे, मला जाणवत नाही. आमच्या जिन्यात लादी पुसायला येणाऱ्या पेन्शनर बाई दुधाची किंमत दोनदा वाचतात.

कोपनहेगनकर
मास्तर, दादा, मनापासून आभार. माझ्या डोक्यात दोन प्रश्नांचा गुंता झाला होता, तो सुटला. कुठल्या देशाने किती द्यायचं, याला टक्का चालेल, दादांचं पटलं. ते पैसे त्या देशात कोणाच्या खिशातून यायचे, हा प्रश्न वेगळा, आणि त्याबद्दल हेगच्या करारात काही नाही. आमच्याकडे सगळ्यांचा एकच दिवस घेतला, पण भरपाई पगाराच्या प्रमाणात. ज्याचा पगार मोठा, त्याची भरपाई मोठी. पुढच्या महिन्यात युनियनची बैठक आहे. साडेतीन टक्क्यांसाठी लागणारा पैसा कुठून काढणार, हे मतदानाआधी पक्षांकडून लेखी घ्या, असं तिथे उभं राहून सांगणार आहे. डॅनिशमध्ये बोलायचंय, म्हणून आजपासून तयारी.